माते कडू लागतं, भोपळ्याला बुरशी धरते: नक्की काय चुकतंय?

रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात मांडते. त्यांचे भाऊ बोटीवर असतात. उरुग्वायच्या मोंतेविदेओहून येताना ते चामड्यात मढवलेला भोपळ्याचा पेला, धातूची नळी आणि अर्धा किलो येर्बा, म्हणजे 'माते' या दक्षिण अमेरिकेतल्या पेयाची पत्ती, घेऊन आले. ताईंनी पेला विसळला, पत्ती भरली, उकळतं पाणी ओतलं आणि चांगलं ढवळलं. पहिला घोट कडूजहर, तिसऱ्या घोटाला नळी तुंबलेली, आणि आठ दिवसांत पेल्याच्या तळाशी पांढरट-हिरवी लव. त्यांच्या आई ६२ वर्षांच्या आहेत, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, आणि कुणीतरी सांगितलंय की यानं वजन उतरतं, साखर ताब्यात राहते. तर आईंना द्यावं का? कडूपणा मोडायला तुळस, आलं, गवती चहा घालावा का? आपल्या लाल मातीत याचं झाड लागेल का? आणि भावानं इतक्या लांबून आणलेला पेला टाकून द्यायचा का?

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. लग्नानंतर अर्जेंटिनाच्या मिसियोनेस प्रांतात, पोसादास शहरात आले, त्याला १८ वर्षं झाली. त्यातली १२ येर्बाच्या एका गिरणीच्या प्रयोगशाळेत गेली: पानातली ओल मोजणं, काड्यांचं प्रमाण बघणं, बुरशी तपासणं. शहराला लागून पाराना नदी वाहते आणि पुलापलीकडे पाराग्वायचं एन्कार्नासिओन आहे. अलीकडे गरम माते पितात, पलीकडे त्याच पत्तीचं थंड तेरेरे. दोन्ही माझ्या रोजच्या जगण्यातले आहेत, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सुरुवात शब्दापासून करते, कारण अडचणीची किल्ली तिथेच आहे. 'माते' हे झाडाचं नाव नाही. केचुआ भाषेत 'माती' म्हणजे भोपळ्याचं भांडं, आणि स्पॅनिश लोकांनी तोच शब्द पेयाला लावला. आत भरतात ती 'येर्बा', म्हणजे नुसतंच 'पाला'. हे पेय भांड्याच्या नावानं ओळखलं जातं, आणि ते योग्यच आहे. इथे भांडं, नळी आणि पाणी यांतलं एक बिघडलं तरी उरलेली दोन्ही बिघडतात. तुम्ही पेल्याला कप समजलात, येर्बाला चहापत्ती समजलात, आणि तिथून पुढचं सगळं ओघानं आलं. यात तुमचा दोष नाही. पाकिटावर स्पॅनिशमध्ये काय लिहिलंय ते कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

आधी पेला. हा भोपळा तुम्हाला परका नाही. लागेनारिया सिसेरारिया म्हणजे आपला दुधी, फक्त वेलावरच पिकून, वाळून कडक झालेला. मिरजेचा तंबोरा ज्या भोपळ्यावर उभा राहतो तो, साधूच्या हातातला तुंबा, विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला बांधतात तो भोपळा, सगळे याच कुळातले. तंबोरा कोरडा राहतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मातेच्या पेल्यात मात्र तुम्ही रोज ओली पत्ती भरता. नव्या पेल्याच्या आतल्या बाजूला फळाचा मऊ, भुसभुशीत पापुद्रा शिल्लक असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि बुरशीला आयतं खाणं मिळतं. पहिल्या दिवसांत जो कच्चा, मातकट कडूपणा लागतो त्यातलाही बराचसा या पापुद्र्याचाच असतो.

म्हणून नवा बिडाचा तवा जसा वापरण्याआधी तयार करतात, तसा हा पेलाही तयार करावा लागतो. इथे त्याला 'कुरार' म्हणतात. माझी पद्धत सांगते. पेला गरम पाण्यानं विसळायचा. त्यात वापरून झालेली, ओलसर येर्बा काठापर्यंत भरायची, वर थोडं गरम पाणी घालायचं आणि २४ तास तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी रिकामा करून चमच्याच्या कडेनं आतला सुटलेला पापुद्रा हलक्या हातानं खरवडायचा. तळाशी मधोमध जिथे फळाची बेंबी असते तिथे जोर लावायचा नाही, तिथूनच पेला गळायला लागतो. मग धुऊन पुन्हा एकदा भरायचा, पुन्हा २४ तास. माझ्या अनुभवात दोन फेऱ्या पुरतात, फार जाड भोपळा असेल तर तीन. शेवटी उलटा न ठेवता आडवा, तोंड वाऱ्याकडे करून, पूर्ण कोरडा होईपर्यंत ठेवायचा. उलटा ठेवला की आतली वाफ आतच राहते. ही चूक इथली माणसंही सर्रास करतात.

हेच रोजच्या वापरातही. पिऊन झालं की पंधरा मिनिटांत पत्ती काढायची, नुसत्या पाण्यानं धुवायचा, आतून कापडानं टिपायचा आणि आडवा ठेवायचा. साबण कधीच नाही, भोपळा तो शोषून घेतो. तुम्ही पत्ती रात्रभर आत ठेवली असणार, असा माझा अंदाज आहे. मिसियोनेसमध्ये तर वर्षभर पाऊस असतो. इथल्या पहिल्या वर्षी सलग पावसाच्या एका आठवड्यात सासूबाईंनी दिलेला जुना पेला मी असाच घालवला, आणि त्याचं दुःख अजून आहे. तेव्हापासून पावसात मी भोपळा कपाटावर ठेवते आणि काचेचा पेला काढते. कोकणात जून ते सप्टेंबर तुम्हीही तेच करा.

आणखी एक सावधगिरी, कारण कोणीतरी हा प्रयोग करणारच. परसातला दुधी वाळवून घरच्या घरी पेला करायचा मोह होईल. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावल्याच्या घटना भारतात घडलेल्या आहेत. इथले लोक पेल्यासाठी भोपळ्याचे ठरावीक वाण लावतात आणि आतला गर पूर्ण काढतात. त्याची माहिती नसेल तर घरचा भोपळा वापरू नका. वाद्यं किंवा शोभेच्या वस्तू करणाऱ्यांकडचा भोपळाही नको, त्याला आतबाहेर रोगण लावलेलं असू शकतं.

भोपळ्याखेरीज पेले बरेच आहेत. पाराग्वायमध्ये तेरेरेसाठी गुराच्या शिंगाचा 'ग्वाम्पा' वापरतात. पालो सांतो नावाच्या जड, हिरवट, सुवासिक लाकडाचे पेले मिळतात. याच नावानं धुपासाठी विकतात ते लाकूड वेगळ्या झाडाचं. पेल्याच्या पालो सांतोवर २०१० पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, त्यामुळे तो मागवताना विचार करा. आल्गारोबोचा लाकडी पेला मातेला किंचित गोडसर वास देतो. काच, चिनी माती आणि स्टील यांना स्वतःची चव नसते, बुरशीही धरत नाही. शुद्ध मातेचा आग्रह धरणारे त्यांना नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. नवख्या माणसानं महिनाभर काचेतच प्यावं, म्हणजे येर्बाची चव कोणती आणि भोपळ्याची कोणती हे जिभेला कळतं.

नळीला 'बोम्बिया' म्हणतात. धातूच्या आधी इथले मूळनिवासी ग्वारानी लोक बारीक वेताची नळी वापरत. आज बाजारात ती बहुधा स्टीलची नाहीतर 'आल्पाका'ची असते. आल्पाका म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, जर्मन सिल्व्हर. आपल्या स्वयंपाकघरात 'जर्मनचं भांडं' म्हणतात ते ॲल्युमिनियमचं, ते हे नव्हे. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला पुरळ येतं त्यांनी आल्पाका टाळावा, निकेल ओठालाही त्रास देतं. तुंबलेली नळी खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि उलट्या बाजूनं पाणी सोडा. मोकळी होईल.

आता तुमच्या कडू घोटाकडे येते. भावानं मोंतेविदेओहून आणलंय, हे वाचल्यावर अर्धं कोडं सुटलं. उरुग्वायमध्ये येर्बा जवळजवळ पिकत नाही. ती मुख्यतः ब्राझीलहून येते आणि उरुग्वायच्या आवडीप्रमाणे बारीक दळलेली, जवळजवळ बिनकाडीची असते. तिथल्या माणसाचं तोंड तिला सरावलेलं असतं. अर्जेंटिनात साधारणपणे जाडसर पानात काड्या मिसळलेली 'कोन पालो' पितात. काड्यांमुळे कडूपणा सौम्य होतो आणि पाणी वाहतं राहतं. पाराग्वायची येर्बा धुराच्या वासाची, तर दक्षिण ब्राझीलचं शिमाराव म्हणजे गर्द हिरवी, ताजी भुकटी. तुम्ही सगळ्यात अवघड टोकापासून सुरुवात केलीत. पुढच्या वेळी भावाला ब्यूनोस आयर्सहून 'कोन पालो' आणि 'सुआवे', म्हणजे सौम्य, असं लिहिलेलं पाकीट आणायला सांगा.

येर्बा तोडल्यापासून २४ तासांच्या आत पानं ज्वाळेवरून फिरवतात, अगदी काही सेकंद, त्यामुळे ती काळी पडत नाहीत. मग वाळवतात, भरड करतात आणि पोत्यांत भरून मुरत ठेवतात. अर्जेंटिनात हे मुरणं नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतं. न मुरलेलं पान गवतासारखं उग्र लागतं, मुरलेल्याला धार राहत नाही. लोणच्यासारखंच आहे ते.

ओतण्याची रीत मात्र चहाहून पूर्ण वेगळी. पेला दोनतृतीयांश भरा. तोंडावर तळहात धरून उलटा करून हलवा, म्हणजे बारीक भुकटी वर येते आणि नळीच्या जाळीपाशी जात नाही. मग पेला तिरका धरून पत्ती एका बाजूला डोंगरासारखी कलती करा. उतारावर थोडं गार किंवा कोमट पाणी सोडा आणि दोन मिनिटं थांबा. पान फुगू द्या. हे पहिलं पाणी पानाला गरम पाण्याच्या तडाख्यापासून वाचवतं. आता नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती ओल्या बाजूनं तळापर्यंत खोचा. त्यानंतर तिला हात लावायचा नाही. ढवळणं म्हणजे जाळीत भुकटी ढकलणं, म्हणूनच तुमची तुंबली. गरम पाणी नळीच्या बुडाशी थोडं थोडं, एका वेळी ४० ते ५० मिलिलिटर ओता. डोंगराचा माथा कोरडा ठेवा. तो तुमचा राखीव साठा, चव उतरली की थोडा थोडा खाली ओढायचा. असा एक पेला लिटरभर पाणी सहज पुरवतो.

पाणी ७० ते ८० अंशांचं. नवख्यांना मी ७० सांगते. थर्मामीटर नसेल तर दोन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पाणी मिसळा, साधारण ७५ होतं. उकळत्या पाण्यानं पान भाजतं, कडू-तुरट द्रव्यं एकदम सुटतात आणि पुढच्या घोटांना काहीच उरत नाही. थोडा कडूपणा राहणारच, तो या पेयाचा गुण आहे. कारल्याची भाजी कडू लागते म्हणून आपण ती टाकत नाही.

इथवरचं एका दमात सांगते: पेला दोनदा मुरवा आणि रोज लगेच कोरडा करा, येर्बा काडीची घ्या, आधी गार पाणी, मग ७०-७५ चं, आणि नळीला हात नाही. एवढ्यानं तुमच्या तक्रारींतल्या तीन सुटतील.

आता आईंचा प्रश्न, आणि इथे मला हळू बोलायचंय. येर्बातलं मुख्य द्रव्य कॅफीन आहे. विक्रेते 'मातेईन' असं वेगळं नाव देतात आणि ते कॅफीनपेक्षा सौम्य असल्याचं सांगतात. प्रयोगशाळेत ते कॅफीनच निघतं. शिवाय थोडं थिओब्रोमीन, क्लोरोजेनिक आम्लं आणि फेस आणणारी सॅपोनिन्स. वाळलेल्या पानात कॅफीन साधारण एक ते दोन टक्के. आता हिशेब करा. मोठ्या पेल्यात ५० ग्रॅम येर्बा मावते. एक टक्का धरला तरी त्यात ५०० मिलिग्रॅम कॅफीन झालं. सगळं काही पाण्यात उतरत नाही, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलं, गरोदर बाईसाठी २००. इथे हा पेला चारपाच जणांत फिरतो. तुम्ही वाचून, पाहून एकटीनं अख्खा थर्मास संपवलात तर छातीत धडधडेल, झोप उडेल. ही चूक मी परदेशातल्या हौशी लोकांकडून वारंवार ऐकली आहे. एकटीसाठी लहान पेला घ्या, १५ ते २० ग्रॅम पत्तीचा.

रक्तदाबाच्या माणसाला कॅफीन काही काळ दाब वाढवतं. आई दिवसाला दोन-तीन चहा घेत असतील तर माते त्यात भर म्हणून नको, एका चहाच्या जागी, तेही सकाळी, आणि आधी डॉक्टरांना विचारून. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये दोन तासांचं अंतर, कारण चहासारखंच हेही लोह शोषू देत नाही. थायरॉइडची सकाळची गोळी असेल तरी अंतर हवंच. वजन आणि साखरेबद्दल: ब्राझीलमध्ये काही छोटे अभ्यास झाले, त्यांत एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं. मधुमेहाचं औषध म्हणून देण्याजोगा पुरावा त्यात नाही. दरडोई सर्वांत जास्त माते पिणाऱ्यांत उरुग्वायची माणसं येतात, आणि तिथेही मधुमेह आहे, स्थूलपणा आहे. आईंची गोळी मात्र या भरवशावर एक दिवसही चुकवू नका.

जी धास्ती खरी आहे ती तापमानाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९१ मध्ये गरम मातेला बहुधा कर्करोगकारक गटात टाकलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा फार गरम नसलेलं माते त्या गटातून काढलं आणि ६५ अंशांच्या वर पिण्यात येणारं कुठलंही पेय त्या गटात ठेवलं. दोष उष्णतेचा, अन्ननलिका रोज पोळण्याचा. नळीमुळे हे वाढतं, कारण कपाला ओठ लावून आपण फुंकर मारतो, चटका बसला तर थांबतो, नळी मात्र कढत घोट थेट जिभेच्या मागे पोचवते. ओतल्यावर अर्धा मिनिट थांबा, ही सवय लावाच. धुरावर वाळवलेल्या येर्बात धुरातली काही घातक द्रव्यं उतरतात, म्हणून रोज पिणार असाल तर धुराशिवाय वाळवलेली घ्या. तंबाखू आणि दारूसोबत कढत माते ही तर सर्वांत वाईट जोडी. भाऊ बोटीवर असतात, त्यांनाही हे सांगा.

वनस्पतींचा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि तुमच्या गवती चहाचं उत्तरही त्यातच आहे. पूल ओलांडून एन्कार्नासिओनच्या बाजारात गेलं की सकाळी दहाच्या सुमाराला पाट्यांवर ताज्या पाल्याच्या जुड्या मांडून बायका बसलेल्या दिसतात. तुम्ही काय होतंय ते सांगायचं: पोट जड, डोकं तापलेलं, लघवीला जळजळ. बाई दोन-तीन जुड्या निवडते, लाकडी उखळीत ठेचते आणि तुमच्या बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात टाकते. ग्वाम्पात कोरडी येर्बा असते, तिच्यावर हे वनस्पतींचं थंड पाणी ओतून नळीनं ओढायचं. हे तेरेरे. त्या वनस्पतींना ग्वारानीत 'पोहा न्याना' म्हणतात. तेरेरेची ही रीत आणि तिच्यासोबतचं ज्ञान युनेस्कोनं २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला त्या दिवशी पलीकडच्या मैत्रिणीचा फोन आला होता. तिची आजी आयुष्यभर उखळ घेऊन बाजारात बसली होती.

लक्षात घ्या, यात येर्बा औषध नाही. ती वाहन आहे, आणि औषधी पाला पाण्यात असतो. आपण काढ्यात गूळ घालतो तसा काहीसा प्रकार. पुदिना, लेमन व्हर्बेना, बुरितो नावाचं झुडूप हे पोटासाठी. एक गवत 'सेद्रोन कापि'ई' नावानं विकतात. 'कापि'ई' म्हणजे गवत. पहिल्यांदा ते हातात चुरलं आणि कोकणातली पावसाळी संध्याकाळ आठवली. तो आपला गवती चहाच. तेव्हा तुमचा प्रश्न पाराग्वायनं कधीच सोडवून ठेवलाय: चालतो, छान लागतो. पातं कापून, ठेचून पाण्यात टाका, पेल्यात नको. आल्याचा तुकडाही तसाच. तुळशीचा वास येर्बाला दाबून टाकतो, म्हणून मी दोन पानांवर घालत नाही, पण ही माझी आवड. मसाल्याची पूड, सुंठ पूड मात्र नको, नळी तुंबेल.

साखर टाळायची असेल तर स्टेव्हिया. ते झाड मूळचं पाराग्वायचंच, ग्वारानी नाव 'का'आ हे'ए', म्हणजे गोड पाला. मोइसेस बेर्तोनी या तिथे राहणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. एक ताजं पान थर्मासला पुरतं. उलट कार्केहा नावाची कडू काडी साखरेसाठी आणि कोला दे काबायो लघवी साफ होण्यासाठी विकतात. ऑनलाइनही दिसतील. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना या दोन्ही आईंना देऊ नका, गोळीचा आणि पाल्याचा परिणाम एकत्र होऊ शकतो. इथे १ ऑगस्टला उसाच्या दारूत सताप आणि लिंबू घालून तीन घोट घ्यायची जुनी चाल आहे. सताप आपल्याकडेही अंगणात असतो, पण गरोदरपणात तो अजिबात नको.

आईंना नळी, कडूपणा, हे सगळंच परकं वाटलं तर 'कोसिदो' करून द्या. पाराग्वायमध्ये येर्बा आणि साखर एकत्र करून त्यावर धगधगता निखारा फिरवतात, साखर करपून खमंग वास सुटला की पाणी ओततात, गाळतात आणि दूध घालतात. साखर वगळून नुसती चमचाभर येर्बा गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून, गाळून, दूध घातलं तरी चालेल. चहाच्या सवयीच्या माणसाला ते पटकन आपलंसं वाटतं, आणि किती घेतलं हे कपानं मोजता येतं. त्यांच्यासाठी मला हेच योग्य वाटतं.

झाडाचं विचारलंत. लाल माती इथेही तशीच आहे, पायाला लागली की निघत नाही. पण येर्बाला वर्षभर विखुरलेला पाऊस लागतो आणि कोकणात ऑक्टोबरनंतर सात महिने कोरडे. बीही हट्टी आहे, रुजायला महिनेच्या महिने घेतं, आणि नर-मादी झाडं वेगळी. जेझुइट पाद्र्यांनी ग्वारानींच्या सोबतीनं लागवड साधली होती, पण १७६७ मध्ये त्यांना हाकलल्यावर ती विद्या मोडली. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां यांनी पाराना काठी पुन्हा लागवडीला हात घातला, तर १८२१ मध्ये पाराग्वायच्या हुकूमशहानं त्यांना पकडून नेलं आणि १८२९ पर्यंत सोडलं नाही, येर्बाचा व्यापार हातून जाईल म्हणून. हौस म्हणून कुंडीत रोप जगवून बघा, पत्तीची आशा धरू नका.

आता तो पेला. नुसती पांढरी, वरवरची लव असती तर खरवडा, कढत पाणी भरून ओता आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा, असं म्हटलं असतं. तुम्ही हिरवट म्हणताय. हिरवी किंवा काळी बुरशी भोपळ्याच्या भिंतीत उतरते, आणि तुमच्या पेल्याला बाहेरून चामडं आहे, त्याच्या आतली ओल कधीच पूर्ण वाळत नाही. त्यातून आईंना मधुमेह. तो पेला पिण्यासाठी वापरू नका. पूर्ण वाळवून शोभेला ठेवा.

मात्र नळी आणि तोंडाचं धातूचं कडं सांभाळून काढा, दोन्ही उकळून स्वच्छ होतात. आणि रत्नागिरीत पेल्याला तोटा नाही: वसाहतकाळात इकडे दक्षिण अमेरिकेत करवंटीचे पेलेही करत, चांदीनं मढवलेले, अजून संग्रहालयांत दिसतात. जुना, जाड कवचाचा नारळ घ्या. तीन डोळ्यांची बाजू वर धरून तिथूनच कापा, म्हणजे मऊ डोळा तळाशी राहून गळणार नाही. खोबरं आणि त्याची तपकिरी साल पूर्ण खरवडा, कारण तेल राहिलं तर खवट वास येतो. आत पॉलिश पेपर फिरवा, दोनदा पाण्यात उकळा, उन्हात वाळवा. भावानं आणलेलं कडं तोंडाला बसतंय का बघा. बसलं तर एक फोटो टाका, आणि सोबत पाकिटाच्या मागच्या बाजूचाही. त्यावर काय लिहिलंय ते वाचून ती येर्बा कशी वापरायची ते सांगते.